नाईलकाठची काळी आणि पांढरी

२०२३ साली क्लिओपात्रा राणीवरील एका परदेशी चित्रमालिकेत राणीची भूमिका कृष्णवर्णीय अभिनेत्रीला देण्यात आली आणि इजिप्तमध्ये मोठा गहजब उडाला. तेथील पुरातत्त्व खात्याला अधिकृत निवेदन काढून राणी मॅसिडोनियन ग्रीक वंशाची व गौरवर्णी होती असे जाहीर करावे लागले. क्लिओपात्रेचे टॉलेमी घराणे हे इजिप्तवर सुमारे तीनशे वर्षे राज्य करणारे परकी घराणे होते. तिचा वर्ण कोणताही ठरला, तरी नाईलकाठी नांगर धरणारा, विटा पाडणारा, होड्या वल्हविणारा माणूस कोण होता याविषयी त्यातून काहीच कळत नाही. तरीही वाद झाला तो राणीच्या कातडीवरून. हा प्रश्न मुळात कोणी निर्माण केला, कोणाच्या सोयीसाठी केला आणि पुरातत्त्वाचा पुरावा त्याविषयी काय सांगतो, हे पुरोगामी कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

फ्रेंच प्रवासी व्होल्नी याने १७८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात स्फिंक्सच्या चेहऱ्यात आफ्रिकी ठेवण दिसल्याचे नमूद केले होते आणि ज्यांना आज गुलाम म्हणून राबविले जाते त्यांच्याच पूर्वजांचे युरोप विद्येबाबत ऋणी आहे, असा निष्कर्ष काढला होता. हा निष्कर्ष ज्यांना परवडणारा नव्हता असा एक वर्ग अटलांटिकच्या पलीकडे होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस गुलामांच्या श्रमावर पिकत होता. फिलाडेल्फियाचा डॉक्टर सॅम्युएल मॉर्टन याने १८४४ साली इजिप्तमधील कवट्यांची मापे प्रसिद्ध केली. या कवट्या कैरोत अमेरिकेचा उपवाणिज्यदूत राहिलेल्या जॉर्ज ग्लिडन याने पुरविल्या होत्या. प्राचीन इजिप्शियन लोक गौरवंशीय होते व तेथेही कृष्णवर्णीयांचे स्थान सेवकाचेच होते, असा सिद्धांत त्यातून मांडण्यात आला आणि गुलामगिरीच्या समर्थकांनी तो तत्काळ उचलून धरला. स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८५४ साली एका व्याख्यानात या सिद्धांताची चिरफाड केली. गुलामांच्या बाजारभावाचा आणि कवट्यांच्या मापांचा संबंध त्यांनी नेमका ओळखला होता.

पुढे वसाहतवादाने या सिद्धांताला शास्त्राचा पोशाख चढविला. आफ्रिकेला इतिहासच नाही, असे हेगेलने आपल्या व्याख्यानांत सांगून ठेवलेच होते. १९६३ साली, आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र होत असताना, ऑक्सफर्डचे प्राध्यापक ट्रेव्हर-रोपर यांनी तेच पुन्हा सांगितले. पण इजिप्त, कुश, झिम्बाब्वे येथील भव्य अवशेषांचे काय करावयाचे? त्यासाठी ‘हॅमिटिक’ सिद्धांत पुढे आला. बायबलमधील नोहाच्या हॅम या पुत्राचे वंशज शापित व म्हणून गुलाम, असे आधी सांगितले जात असे. नेपोलियनच्या १७९८च्या स्वारीनंतर इजिप्तचे वैभव युरोपच्या डोळ्यांत भरले, तेव्हा तेच हॅमचे वंशज हळूहळू गौरवर्णी ठरले. १९३० साली चार्ल्स सेलिग्मन याने आफ्रिकेतील जे जे सुसंस्कृत ते ते बाहेरून आलेल्या या गौर पशुपालकांचे, असे ग्रंथात लिहून ठेवले. फ्लिंडर्स पेट्री हा मातब्बर उत्खननकार. खापरांच्या क्रमावरून काळ ठरविण्याची त्याची पद्धत हे पुरातत्त्वाचे मोठे धन आहे. पण त्यानेही इजिप्तचे राज्य बाहेरून आलेल्या एका ‘राजवंशी जमाती’ने स्थापिले असेच मानले. पुरावा हाती असताना नजर पूर्वग्रहाची असली म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण.

ग्रेट झिम्बाब्वेची कथा याहून उघड आहे. चुन्याशिवाय रचलेल्या, ११ मीटरपर्यंत उंच दगडी भिंतींचे हे नगर अकराव्या ते पंधराव्या शतकांत शोना भाषिकांच्या पूर्वजांनी उभारले. १८७१ साली तेथे पोहोचलेल्या कार्ल माउख याने त्याचा संबंध शेबाच्या राणीशी जोडला. सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीला ही कल्पना फारच सोयीची वाटली. कारण पूर्वी येथे गोरेच होते असे ठरले, की गोऱ्यांनी भूमी घेणे म्हणजे वडिलार्जित मिळकत परत घेणे ठरते. रिचर्ड हॉल याने विसाव्या शतकाच्या आरंभी साफसफाईच्या नावाखाली तेथील मातीचे थरच्या थर उपसून टाकले आणि त्याबरोबर पुरावाही गेला. १९०५ साली रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ साली गर्ट्रूड कॅटन-थॉम्प्सन यांनी उत्खनन करून हे बांधकाम आफ्रिकी लोकांचेच आहे असे निर्विवाद दाखविले. तरीही ऱ्होडेशियाच्या गोऱ्या राजवटीने ते मान्य केले नाही. स्मारकांचे निरीक्षक पीटर गार्लेक यांना खरे बोलण्यापायी १९७० साली देश सोडावा लागला. १९८० साली देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने आपले नाव याच अवशेषांवरून घेतले. ज्या दगडांची मालकी नाकारली गेली, त्यांच्याच नावाने राष्ट्र उभे राहिले.

सुदानमधील केर्मा येथे जॉर्ज राइझनर याने १९१३ ते १९१६ या काळात उत्खनन केले. सुमारे ९० मीटर व्यासाची थडगी, विटांचे प्रचंड देवालय, उत्कृष्ट भांडी हे सारे पाहून त्याने निष्कर्ष काढला की ही इजिप्तच्या सुभेदारांची ठाणी असावीत. न्युबियातील लोकांना इतके जमणे शक्य नाही. शार्ल बोने यांच्या तुकडीने १९७०च्या दशकापासून चालविलेल्या उत्खननांनी चित्र पालटले. केर्मा ही इ.स.पू. २५०० ते १५०० या काळातील स्वतंत्र कुश राज्याची राजधानी होती. याच भूमीतून पुढे पिये, शबाका, तहारका हे राजे आले आणि इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांत त्यांनी संपूर्ण इजिप्तवर राज्य केले. २००३ साली बोने यांना केर्माजवळ एका खड्ड्यात या वंशाच्या राजांचे भंगलेले सात काळे पाषाणपुतळे सापडले. पिरॅमिड म्हटले की इजिप्त, असे समीकरण रूढ आहे. संख्येने अधिक पिरॅमिड सुदानात आहेत, हे पाठ्यपुस्तके सांगत नाहीत.

या चुका ग्रंथालयात पडून राहिल्या असत्या तर त्यांची दखल विद्वानांपुरतीच पुरे होती. पण चुकीच्या सिद्धांताला सत्तेचे हात मिळाले म्हणजे त्याची किंमत सामान्य माणूस मोजतो. रुआंडात जर्मन व नंतर बेल्जियन राज्यकर्त्यांनी तुत्सींना बाहेरून आलेले हॅमिटिक, म्हणून श्रेष्ठ. आणि हुतूंना मूळचे, म्हणून कनिष्ठ ठरविले. १९३०च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात छापली गेली. स्वातंत्र्यानंतर तोच सिद्धांत उलटा झाला. १९९२ साली एका पुढाऱ्याने जाहीर सभेत तुत्सींना नदीमार्गे इथिओपियाला परत धाडण्याची भाषा केली. १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली आणि प्रेते खरोखरच नद्यांतून वाहत गेली. ‘मूळचे कोण आणि उपरे कोण’ हा प्रश्न राजकारणाचा पाया झाला म्हणजे तो कोठे जाऊन थांबतो, याचे उत्तर रुआंडाने दिले आहे. ज्यांना हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो त्यांनी हे विसरू नये.

साम्राज्यवादी विद्वत्तेला आफ्रिकेतूनच सर्वांत जोरकस उत्तर दिले ते सेनेगलच्या शेख अंता जॉप यांनी. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी प्राचीन इजिप्त ही कृष्णवर्णीयांची संस्कृती असल्याचे प्रतिपादन केले. ते इतिहासकार होते, भौतिकशास्त्राचे जाणकार होते आणि डाकार येथे कार्बन-मापनाची प्रयोगशाळा त्यांनी स्वतः उभारली. १९७४ साली कैरो येथे युनेस्कोने भरविलेल्या परिसंवादात जॉप आणि थिओफिल ओबेंगा यांनी भाषा, मूर्ती, चालीरीती यांचे पुरावे मांडले. त्यांचे सर्व निष्कर्ष तेथे मान्य झाले नाहीत. पण इजिप्त हा आफ्रिकेचा भाग आहे ही साधी गोष्ट त्यानंतर कोणत्याही जबाबदार अभ्यासकाला डावलता आली नाही. हे त्यांचे ऋण आहे. तथापि त्यांच्या मांडणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. गोऱ्यांनी आखलेले वंशाचे कोष्टक त्यांनी तसेच ठेवले आणि त्यातील नावे बदलली. दलित-शोषितांना स्वाभिमानाची गरज असते, हे खरे. पण जो स्वाभिमान वंशाच्या कोष्टकावर उभा राहतो तो उद्या दुसऱ्याच्या अपमानाला कारण होतो. कोष्टकच खोटे आहे, हे सांगणे अधिक कठीण आणि अधिक क्रांतिकारक आहे.

कुदळीने उकरलेला पुरावा या कोष्टकात बसत नाही. सुमारे ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात सहारा हे आजच्यासारखे वाळवंट नव्हते. तेथे तळी होती, गवताळ राने होती, गुरे चरत होती. अबू सिंबेलच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवरील नाब्ता प्लाया येथे फ्रेड वेंडॉर्फ यांच्या तुकडीला या पशुपालकांच्या वस्त्या, उभे केलेले दगड आणि विधिपूर्वक पुरलेली गुरे सापडली. पाऊस हटत गेला तशी ही माणसे नाईलच्या आश्रयाला सरकली. पश्चिम आशियातून गहू, जव, मेंढ्या, शेळ्या आल्या होत्या. इ.स.पू. ४४००च्या सुमारास वरच्या इजिप्तमध्ये बदारी येथे शेती करणारे लोक काळ्या काठाची तांबडी भांडी घडवीत होते आणि तशाच घडणीची भांडी न्युबियातही होती. अबायडॉस येथे गुंटर ड्रायर यांना १९८८ साली सापडलेल्या थडग्यात इ.स.पू. ३२००च्या सुमाराच्या हाडाच्या व हस्तिदंताच्या चिठ्ठ्या मिळाल्या. मालाच्या नोंदीसाठी वापरलेली ही इजिप्तमधील सर्वांत जुनी ज्ञात लिपी होय. राज्य बाहेरून कोणी आणून ठेवले नाही. सहारा, न्युबिया आणि पश्चिम आशिया यांच्या देवघेवीतून ते नाईलच्या खोऱ्यातच शतकानुशतके घडत गेले.

आनुवंशिकीचे शास्त्रही आता या विषयात बोलू लागले आहे. २०१७ साली अबुसिर अल-मेलेक येथील ममींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम आशियाशी जवळीक दिसली म्हणून गौरवंशवाद्यांनी आनंद साजरा केला. पण ते एकाच ठिकाणचे व बहुतांशी उत्तरकाळचे अवशेष होते. २०२५ साली नुवैरात येथील एका पुरुषाचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. हा मनुष्य साडेचार हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीचा, म्हणजे पिरॅमिडयुगाच्या आसपासचा. त्याच्या वंशसूत्रांपैकी सुमारे ८० टक्के उत्तर आफ्रिकेतील नवाश्मयुगीन लोकांशी आणि सुमारे २० टक्के मेसोपोटेमियाच्या परिसरातील लोकांशी जुळते. एका माणसावरून देशाचा निवाडा होत नाही. पण या माणसाची दुसरी ओळख अधिक बोलकी आहे. त्याला मातीच्या मोठ्या भांड्यात पुरले होते. त्याच्या सांध्यांची झीज आणि हाडांवरील खुणा सांगतात, की दीर्घकाळ बसून, हात पुढे करून कष्टाचे काम करण्यात त्याचे आयुष्य गेले. तो कुंभार असावा असा संशोधकांचा तर्क आहे. वृत्तपत्रांनी टक्केवारी छापली. वाकलेल्या पाठीची बातमी मागच्या ओळींत गेली.

प्राचीन इजिप्शियन आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणत. त्याचा अर्थ काळी. जॉप यांनी तो काळ्या लोकांचा देश असा लावला. बहुसंख्य भाषाभ्यासक तो काळ्या मातीचा देश असा लावतात, कारण त्याच्या जोडीला ‘देश्रेत’ म्हणजे तांबडी, वाळवंटाची भूमी, हा शब्द आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याच्या भाषेत काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरे पडून, राख साचून वर आलेली गावठाणाची माती. इजिप्तमध्येही जुन्या गावांच्या टेकाडांवरील माती शेतकरी खत म्हणून उकरून नेत. १८८७ साली अमर्नाच्या राजदरबारातील मातीच्या पत्रिका अशाच खतमातीच्या शोधात असलेल्या एका शेतकरी स्त्रीच्या हाती लागल्या, असे सांगतात. इतिहास शोधावयाचा तर तो काळी आणि पांढरी यांत शोधला पाहिजे. काळ्या आणि पांढऱ्या कातडीत नव्हे. जमीन कोण कसत होते, धान्य कोणाच्या कोठारात जात होते, हे प्रश्न तेथे सुरू होतात.

या प्रश्नांना पुरातत्त्व आता उत्तरे देत आहे. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पिएर ताले यांना मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी सापडली. शाई लागलेले हे जगातील सर्वांत जुने ज्ञात पपायरस. सुमारे चाळीस माणसांची टोळी घेऊन मेरेर तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड होड्यांनी गिझाला, खुफूच्या पिरॅमिडकडे पोहोचवीत होता. त्या काळी वर्षे मोजली जात ती गुरांच्या खानेसुमारीवरून, म्हणजे कराच्या हिशेबावरून! गिझा येथे १९९० साली मजुरांची थडगी सापडली. त्यांतील सांगाड्यांच्या मणक्यांवर ओझ्याच्या खुणा आहेत आणि मोडून पुन्हा जुळलेली हाडेही आहेत. म्हणजे जखमींची शुश्रूषा होत होती. मार्क लेनर यांनी त्यांची वसाहत, तिच्यातील भट्ट्या आणि जेवणातील गुराढोरांची हाडे उजेडात आणली. हे बाजारात विकत घेतलेले गुलाम नव्हते, तसे स्वेच्छेने आलेले भक्तही नव्हते. काही कायमचे कारागीर आणि पाळीपाळीने वेठीला आणलेले शेतकरी, असे त्यांचे स्वरूप होते. नाईलच्या पुराने दिलेले वरकड धान्य राज्यसंस्थेने गोळा केले आणि त्याचे रूपांतर राजाच्या थडग्यात केले. पिरॅमिड हे वरकड श्रमाचे दगडी रूप आहे.

आणि ही माणसे मुकी नव्हती. रामसेस तिसरा याच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, राजांची थडगी कोरणाऱ्या दैर अल-मदिना येथील कारागिरांचे धान्य थकले. साध्या कामगाराचे मासिक वेतन साडेपाच खार धान्य, त्यात चार खार गहू आणि दीड खार जव. ते मिळेना, तेव्हा त्यांनी हत्यारे खाली ठेवली, वेशी ओलांडून देवळांच्या आवारात ठाण मांडले आणि भुकेने व तहानेने आम्हास येथे आणले, असे अधिकाऱ्यांना सुनावले. राजाकडे तक्रार पोहोचविण्याची मागणी केली आणि थकलेले धान्य पदरात पाडून घेतले. ही सारी हकीकत आज तुरिनच्या संग्रहालयात असलेल्या पपायरसवर लिहिलेली आहे. इतिहासाला ठाऊक असलेला हा पहिला संप. संपकऱ्यांचा वर्ण काय होता, हे तो लिहिणाऱ्या कारकुनाने नोंदविले नाही. त्याला त्याची गरज भासली नाही.

आफ्रिकेने जगाला काय दिले याचे उत्तर मराठी माणसाला रोज ताटात मिळते. ज्वारी प्रथम माणसाळविली ती पूर्व सुदानातील शेतकऱ्यांनी. खश्म अल-गिरबा या भागात सापडलेल्या, इ.स.पू. चौथ्या सहस्रकातील खापरांत लागवडीच्या ज्वारीचे ठसे मिळाले आहेत. बाजरी पश्चिम आफ्रिकेची, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखाची. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून ही धान्ये समुद्रमार्गे भारतात येऊ लागली. आफ्रिकेला इतिहास नाही, असे म्हणणाऱ्याने भाकरी मोडताना थोडा विचार करावा.

याच खश्म अल-गिरबाचे नाव दुसऱ्याही एका प्रकरणात येते. आस्वानच्या उंच धरणाने न्युबिया बुडणार असे ठरले, तेव्हा १९६० साली युनेस्कोने जगाला हाक घातली. १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबेलची देवळे कापून वर उचलण्यात आली. ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या पुरातत्त्व खात्याची तुकडीही न्युबियात खणावयास गेली होती. मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून एक देऊळ न्यूयॉर्कला, एक माद्रिदला भेट गेले. दगडांचे असे उत्तम पुनर्वसन झाले. माणसांचे काय? इजिप्त आणि सुदान मिळून सुमारे एक लाख न्युबियन उठविले गेले; सुदानातील वादी हाल्फाचे लोक शेकडो किलोमीटर दूर खश्म अल-गिरबाला नेऊन टाकण्यात आले. ज्यांच्या पूर्वजांचा वारसा वाचविण्यासाठी जग धावले, त्यांना नदीही राहिली नाही. न्युबियातून वाचविलेले सुदानच्या वाट्याचे अवशेष १९७१ साली उघडलेल्या खार्टुमच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवले होते. एप्रिल २०२३ मध्ये सेनापतींची यादवी पेटली आणि ते संग्रहालय लुटले गेले. क्लिओपात्रेच्या रंगावर त्याच वर्षी जेवढी शाई खर्ची पडली, तिचा अल्पांशही केर्मा आणि मेरोएच्या या लुटीच्या वाट्याला आला नाही.

ज्ञानाच्या साधनांची मालकी हा प्रश्न यातून पुढे येतो. नुवैरातच्या त्या कुंभाराच्या अस्थी विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये नेण्यात आल्या आणि त्या तेथेच आहेत. जनुके वाचणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळा युरोप-अमेरिकेत आहेत. आफ्रिकेच्या भूतकाळाविषयी प्रश्न कोणते विचारावयाचे, हे अजून मोठ्या प्रमाणात आफ्रिकेबाहेर ठरते. जॉप यांनी डाकारला प्रयोगशाळा काढली, हा त्यांच्या सिद्धांताहूनही मोठा धडा आहे. अस्थी व अवशेष परत मिळणे, तेथील विद्यापीठांना साधने मिळणे, उत्खननातील मजुरांपासून संशोधकांपर्यंत स्थानिकांचा अधिकार मान्य होणे, या मागण्यांना समाजवादी चळवळीने पाठिंबा दिला पाहिजे.

भारतातही ‘मूळचे कोण’ या वादाला ऊत आलेला आहे. रिस्लेने नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावली, ती मॉर्टनच्या कवट्यांचीच भावंडे होत. इजिप्तची संस्कृतीही भारतातूनच गेली असे सांगणारे येथे आहेत आणि त्यांना टाळ्याही मिळतात. अशा वेळी कार्यकर्त्याने त्यांच्या अभिमानाला दुसऱ्या अभिमानाने उत्तर देऊ नये. मेरेरच्या टोळीतील चाळीस माणसे, धान्यासाठी अडून बसलेले कारागीर, ज्वारीचे पहिले कणीस राखून ठेवणारा सुदानी शेतकरी आणि भांड्यात पुरलेला तो कुंभार यांची हकीकत त्याने अभ्यासवर्गात सांगावी. त्यांचा वंश कोणता, असे कोणी विचारलेच तर त्यांचे हात कोणते काम करीत होते आणि त्या कामाचे फळ कोणी नेले, असा प्रतिप्रश्न करावा.